एका कुटुंबाचा शोध : कागद, मौन आणि चरित्रलेखन

५.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण ज्या चरित्रांचा अभ्यास केला त्यांचे नायक बहुधा कीर्तिमान होते. त्यांची पत्रे जपली गेली होती, भाषणे छापली गेली होती, आप्तेष्टांनी आठवणी लिहून ठेवल्या होत्या. चरित्रकारापुढे तेथे प्रश्न होता तो निवडीचा : काय घ्यावे आणि काय गाळावे. प्रस्तुत घटकात प्रश्न नेमका उलटा आहे. जिच्या हातचे एक पत्रही आपल्यापुढे नाही, जिचे जवळचे लोक तिच्याबरोबरच नाहीसे झाले, आणि जिच्याविषयीचे बहुतेक कागद तिचा नाश करणाऱ्या यंत्रणेनेच तयार केले, अशा व्यक्तीचे चरित्र लिहिता येते काय? येत असल्यास त्याची भाषा कोणती असावी?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने व तिच्या सहकाऱ्यांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली, हे तुम्ही शालेय इतिहासात वाचले आहे. हा आकडा पाठ होतो आणि पाठ झाल्यामुळेच तो मनाला टोचेनासा होतो. म्हणून येथे आपण एकच कुटुंब घेणार आहोत : आई, वडील आणि एक मुलगी. घटकाच्या शेवटी तुम्हांला स्वतः एक शोधटिपण लिहावयाचे आहे. शोधटिपण म्हणजे शोधाचा निष्कर्ष नव्हे. शोध घेताना आपण काय केले, कोठे अडलो, कोठे चुकण्याचा मोह झाला, याची ती प्रामाणिक नोंद असते. पूर्वीच्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या अशा काही टिपणांचा उल्लेख ओघात येईल.

५.२ एक जाहिरात

३१ डिसेंबर १९४१ रोजी पॅरिसच्या ‘पारी-स्वार’ या दैनिकात एक छोटी जाहिरात छापून आली. दोरा ब्रुदेर नावाची पंधरा वर्षांची मुलगी हरवली होती. जाहिरातीत तिची उंची, चेहऱ्याची ठेवण, डोळ्यांचा रंग, अंगावरचा करडा कोट, तपकिरी बूट यांचे वर्णन होते आणि माहिती कळविण्यासाठी आईवडिलांचा पत्ता होता : ४१, बुलव्हार ओर्नानो. पॅरिस त्या वेळी जर्मन सैन्याच्या ताब्यात होते.

फ्रेंच कादंबरीकार पात्रिक मोदियानो यांच्या वाचनात ही जाहिरात १९८८ मध्ये, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस वर्षांनी आली. मोदियानो यांचा जन्म १९४५ चा, युद्ध संपले त्या वर्षाचा. त्यांचे वडील ज्यू होते आणि व्याप्त पॅरिसमध्ये लपूनछपून राहून वाचले होते. बुलव्हार ओर्नानोचा परिसरही लेखकाच्या लहानपणापासून परिचयाचा होता. जाहिरातीतील मुलगी त्यांच्या मनातून जाईना. १९९० मध्ये त्यांनी याच अस्वस्थतेतून एक कादंबरी लिहिली आणि तिच्यातील तरुणीला एक कल्पित आयुष्य दिले. एवढ्यावर हा विषय संपावयास हरकत नव्हती. परंतु कादंबरी लिहून झाल्यावरही शोध चालूच राहिला, आणि १९९७ मध्ये ‘दोरा ब्रुदेर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला कादंबरी म्हणावे, चरित्र म्हणावे की आत्मचरित्र, याविषयी समीक्षकांत एकमत नाही. आपल्या दृष्टीने वर्गवारीचा हा वाद दुय्यम आहे. एकाच लेखकाने एकाच व्यक्तीविषयी आधी कल्पिले आणि मग कल्पिणे थांबवून शोधले, हा क्रम मात्र लक्षात ठेवा.

हा शोध किती संथ होता पाहा. दोराची नेमकी जन्मतारीख, २५ फेब्रुवारी १९२६, हाती येण्यास चार वर्षे लागली. तिचा जन्म पॅरिसमध्येच झाला होता, हे कळण्यास आणखी दोन वर्षे गेली. जन्मदाखल्याची नक्कल हवी तर नाते सिद्ध करा, असे कार्यालयात सांगण्यात आले. आणि नाते सांगू शकणारे कोणी उरलेले नव्हते. आपल्यापैकी ज्यांनी वारसनोंदीसाठी एखाद्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांना यातील उपरोध वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हाती लागले ते थोडक्यात असे. वडील एर्नेस्ट यांचा जन्म १८९९ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. ते फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या पलटणीत लढून अपंग झाले होते. आई सेसिल या १९०७ साली बुडापेस्टमध्ये जन्मल्या. तिघेही हॉटेलातील भाड्याच्या खोलीत राहत. मे १९४० मध्ये दोराला ख्रिस्ती जोगिणींच्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. १४ डिसेंबर १९४१ रोजी, रविवारच्या सुटीनंतर, ती शाळेत परतली नाही. पुढील वर्षी मार्चमध्ये एर्नेस्ट यांना अटक झाली. १९ जून १९४२ रोजी दोराचे नाव पॅरिसमधील तुरेल येथील कोठडीच्या नोंदवहीत आढळते. १३ ऑगस्टला तिला शहराबाहेरील द्रांसीच्या छावणीत नेण्यात आले. वडील तेथे आधीपासून होते. १८ सप्टेंबर १९४२ रोजी सुमारे एक हजार माणसांना घेऊन जी गाडी द्रांसीहून आउश्वित्झकडे निघाली, तीत हे दोघे बापलेक होते. आईला ११ फेब्रुवारी १९४३ च्या गाडीने नेले. तिघांपैकी कोणीही परतले नाही.

५.३ कागद कोणाचा?

वरील परिच्छेद पुन्हा वाचा आणि प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न विचारा : हे आपल्याला कोणी सांगितले? जन्मदाखला पालिकेने दिला, शाळेतील नाव शाळेच्या पटावरून मिळाले. त्यानंतरचे जवळजवळ सर्व काही पोलिसांनी सांगितले आहे. ठाण्याची दैनंदिनी, कोठडीची नोंदवही, छावणीचे कार्ड, गाडीची यादी. पीडितांविषयी आपण जे जाणतो ते पीडकांच्या हस्ताक्षरात आहे.

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या टिपणात लिहिले होते की, या याद्यांची छायाचित्रे पाहताना तिला प्रथम भीती वाटली नाही, ओळख वाटली. आडनाव आधी, मग नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. स्तंभ तेच, खाडाखोड नाही, अनुक्रमांक बरोबर. ‘मी रोज जे करते तेच कोणीतरी येथे नीटनेटके करीत होते,’ असे तिचे वाक्य होते, आणि त्यानंतरच तिला भीती वाटली. मला वाटते, या विषयावरील कितीतरी जाड ग्रंथांना जे साधत नाही ते या निरीक्षणात आले आहे. संहाराला बंदूकधारी लागले तसेच कारकूनही लागले.

फ्रान्समध्ये ही कारकुनी कशी चालली ते समजून घ्या, कारण त्याशिवाय ब्रुदेर कुटुंबाची कोंडी कळणार नाही. सप्टेंबर १९४० च्या जर्मन हुकुमानुसार पॅरिस परिसरातील ज्यूंनी ऑक्टोबरमध्ये पोलीस ठाण्यात जाऊन आपली नोंद करावयाची होती. ही नोंद फ्रेंच पोलिसांनी केली आणि तीवरून नावनिहाय, पत्तानिहाय कार्डे तयार झाली. १९४२ च्या जूनपासून पिवळा तारा कपड्यावर शिवणे सक्तीचे झाले. १६ व १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी हीच कार्डे हाती घेऊन घराघरांतून सुमारे १३ हजार ज्यूंना पकडले. त्यांत ४ हजारांहून अधिक मुले होती. फ्रान्समधून एकूण सुमारे ७६ हजार ज्यूंची रवानगी झाली. त्यांतील साधारण अडीच हजार जिवंत परतले.

एर्नेस्ट ब्रुदेर यांनी ऑक्टोबर १९४० मध्ये ठाण्यात जाऊन स्वतःची आणि पत्नीची नोंद केली. मुलीची केली नाही. का, हे कोणताही कागद सांगत नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीला यादीबाहेर ठेवण्याची एक फट त्यांनी शोधली होती, एवढे उघड आहे. पुढे डिसेंबरच्या थंडीत मुलगी नाहीशी झाली. ठाण्यात गेल्याखेरीज ती सापडण्याची आशा नव्हती. आणि ठाण्यात जाणे म्हणजे जिचे नाव आपण वर्षभर लपविले तिचे नाव, वय आणि वर्णन पोलिसांना स्वतःच्या तोंडाने सांगणे. दोरा १४ तारखेला गेली आणि तक्रार २७ तारखेला नोंदविली गेली. मधले तेरा दिवस त्या खोलीत काय बोलणे झाले असेल?

पोलीस दलात असलेल्या एका विद्यार्थ्याने नेमक्या याच ठिकाणी टिपणात लिहिले होते की, हरवलेल्या व्यक्तीची तक्रार उशिरा आली की ठाण्यात पहिला प्रश्न ‘इतके दिवस काय करीत होता?’ हाच असतो. आणि तो प्रश्न त्याने स्वतः अनेकदा विचारला आहे. त्याने पुढे काही लिहिले नव्हते.

ज्या जाहिरातीमुळे दोरा आपल्याला माहीत झाली, त्याच तक्रारीने ती पोलीस दप्तरात आली. संशोधकाला हाताशी धरावा लागणारा पुरावा हा अशा प्रकारचा असतो. तो वापरताना कृतज्ञता वाटू लागली तर थोडे थांबावे.

कागद टिकतो तोही योगायोगाने. युद्धानंतर ज्यूंच्या याद्या नष्ट कराव्यात असा सरकारी आदेश निघाला होता. तरीही वकील व इतिहासकार सेर्ज क्लार्सफेल्ड यांना १९९१ मध्ये माजी सैनिकांच्या खात्याच्या दप्तरात अशा कार्डांचा मोठा संच सापडला. आज तो पॅरिस येथील शोआ स्मारकात ठेवलेला आहे. क्लार्सफेल्ड यांचे वडील आउश्वित्झला नेले गेले ते परतले नाहीत. फ्रान्समधून नेलेल्या ज्यूंची नावे गाडीनिहाय देणारा त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मोदियानोंच्या शोधात त्यांनी पुरविलेल्या कागदपत्रांचा व छायाचित्रांचा मोठा वाटा होता. पुस्तकात मात्र निवेदक एकटाच पॅरिसभर फिरताना दिसतो. वाङ्मयीन दृष्ट्या ते एकटेपण प्रभावी आहे, हे मान्य. पण तुम्ही टिपण लिहाल तेव्हा ज्या ग्रंथपालाने पेटी शोधून दिली त्याचा उल्लेख टाळू नका.

५.४ वाक्याचा कर्ता

आपण मराठीचे विद्यार्थी आहोत. तेव्हा एक काम आपल्या शास्त्रातले. पुढील तीन वाक्ये पाहा.

दोरा १८ सप्टेंबरला आउश्वित्झला गेली.
दोराला १८ सप्टेंबरला आउश्वित्झला पाठविण्यात आले.
फ्रेंच पोलिसांच्या पहाऱ्यातील छावणीतून दोराला जर्मन अधिकाऱ्यांच्या हुकुमाने आउश्वित्झला रवाना केले गेले.

पहिल्या वाक्यात दोरा कर्ता आहे, जणू ती स्वेच्छेने प्रवासाला निघाली. व्याकरण शुद्ध आहे आणि विधान खोटे. दुसऱ्यात क्रिया आहे, कर्म आहे, करणारा नाही. मराठीतील ‘-ण्यात आले’ ही रचना सरकारी भाषेची लाडकी रचना, आणि तिचा मुख्य उपयोग करणाऱ्याला अदृश्य करणे हाच आहे. तिसरे वाक्य लांब आहे, कानाला बोजड आहे. तरी हुकूम कोणाचा आणि पहारा कोणाचा हे तेच सांगते. आता मागे जाऊन ५.२ मधील शेवटचा परिच्छेद तपासा. तेथे मी ‘ठेवण्यात आले’, ‘नेण्यात आले’, ‘अटक झाली’ असेच लिहिले आहे. कागदाची भाषा लिहिणाऱ्याच्या लेखणीत किती सहज उतरते, याचे उदाहरण म्हणून तो परिच्छेद तसाच राहू दिला आहे.

त्या काळच्या नाझी दप्तरांत हत्येला हत्या म्हटलेले क्वचितच आढळेल. जर्मन कागदांत ‘पूर्वेकडे स्थलांतर’ असते, ‘विशेष वागणूक’ असते. अनुवाद करताना हे शब्द जसेच्या तसे घेतले तर आपण त्यांच्या लबाडीत सामील होतो. बदलले तर मूळ लबाडी वाचकाला दिसत नाही. अवतरणचिन्हात मूळ शब्द आणि लगेच पुढे साधा अर्थ, हा मार्ग त्यातल्या त्यात बरा.

मराठी शब्दांचीही अडचण आहे. ‘हद्दपार’ हा शब्द सोयीचा वाटतो. परंतु आपल्या वृत्तपत्रांत हद्दपार होतो तो गुंड, आणि हद्दपारीनंतर तो दुसऱ्या जिल्ह्यात जिवंत असतो. ‘रवानगी’ अधिक कोरडा आणि म्हणून अधिक खरा शब्द आहे. ‘छळछावणी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. मात्र द्रांसी हे मुख्यतः रवानगीपूर्वी माणसे कोंडून ठेवण्याचे ठिकाण होते, बर्गन-बेल्झन ही छळछावणी होती, आणि ट्रेब्लिंका येथे माणसे उतरताच मारण्यासाठी आणली जात. आउश्वित्झ छळछावणीही होते आणि संहारकेंद्रही. एकच शब्द सर्वांना लावला की वस्तुस्थिती पुसट होते. ‘हुतात्मा’ म्हणता येत नाही, कारण हौतात्म्यात निवड असते. ‘बळी’ या शब्दात तर यज्ञाची छाया आहे. जणू कोण्या देवतेला काही अर्पण झाले. गंमत अशी की ‘होलोकॉस्ट’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही संपूर्ण जाळून दिलेली आहुती असाच आहे, आणि त्याच कारणासाठी अनेक ज्यू अभ्यासक ‘शोआ’, म्हणजे महाविनाश, हा हिब्रू शब्द पसंत करतात.

५.५ तारखा

चरित्राच्या पहिल्या पानावर आपण जन्म-मृत्यूच्या तारखा देतो. येथे दुसरी तारीख देता येत नाही. आउश्वित्झला पोहोचल्यावर ज्यांना थेट वायुकोठडीकडे नेले त्यांची छावणीत नोंदच होत नसे. यादीवर गाडी निघाल्याचा दिवस असतो, त्यापुढे कागद नाही. फ्रान्समध्ये १९८५ साली एक कायदा झाला. त्यानुसार अशा व्यक्तीच्या मृत्युदाखल्यावर रवानगीत मृत्यू झाल्याचा उल्लेख करता येतो, आणि दुसरी माहिती नसल्यास गाडी निघाल्यापासून पाचवा दिवस ही मृत्यूची तारीख धरली जाते. वारसांना दाखला लागतो, दाखल्यावर तारीख लागते. कायद्याची गरज रास्त आहे. पण चरित्रकाराने ती तारीख ‘मृत्यू’ या शब्दापुढे लिहिली तर त्याने कायद्याचे गृहीतक वस्तुस्थिती म्हणून खपविले, असे होईल.

हीच गोष्ट अ‍ॅन फ्रँकच्या बाबतीत घडली. तिची दैनंदिनी तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. ४ ऑगस्ट १९४४ रोजी अ‍ॅमस्टरडॅममधील लपण्याच्या जागेतून अटक झालेले हे कुटुंब आउश्वित्झला नेण्यात आले. अ‍ॅन व तिची बहीण मार्गो यांना पुढे बर्गन-बेल्झनला हलविले गेले. डच अधिकाऱ्यांनी युद्धानंतर अ‍ॅनच्या मृत्यूची तारीख ३१ मार्च १९४५ ठरविली. ती तारीख दाखल्यासाठी ठरविलेली होती, कोणी पाहिलेली नव्हती. पुढे ती पाठ्यपुस्तकांत, कोशांत स्थिरावली. २०१५ मध्ये अ‍ॅन फ्रँक हाउस या संस्थेने साक्षी पुन्हा तपासून असा निष्कर्ष काढला की दोघी बहिणींचा मृत्यू बहुधा फेब्रुवारीतच झाला असावा. जगातील सर्वांत परिचित बळीविषयी (पाहा, शब्द पुन्हा निसटलाच) ही स्थिती सत्तर वर्षे होती.

५.६ रिकामी जागा

आता सर्वांत कठीण भाग. १४ डिसेंबर १९४१ नंतर दोरा कोठे होती? १७ एप्रिल १९४२ रोजी ती आईकडे परत आल्याची पोलिसांची नोंद आहे. मधले चार महिने तिने कोठे काढले, काय खाल्ले, कोणी आसरा दिला, याविषयी एकही कागद नाही. कडक थंडी, संचारबंदी, वडिलांची अटक. आणि या साऱ्यांत एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी.

मोदियानो येथे काय करतात ते अभ्यासण्यासारखे आहे. ते त्या दिवसांचे हवामान शोधतात. ज्या रस्त्यांवरून ती गेली असेल ते रस्ते चालून पाहतात, पाडलेल्या इमारतींच्या जागा नोंदवितात. स्वतः कुमारवयात घरातून पळालो होतो तेव्हाची भावना सांगतात, पण ती स्वतःची म्हणून सांगतात; दोराच्या मनात घालत नाहीत. तिचे संवाद नाहीत, तिची स्वप्ने नाहीत. आणि अखेरीस ते त्या चार महिन्यांकडे उणीव म्हणून पाहणेच सोडतात. पोलीस, कारकून, छावणी, इतिहास यांपैकी कोणाच्याही हाती न लागलेली ती तिची एकमेव मालमत्ता आहे, असा त्यांचा भाव आहे.

एका विद्यार्थिनीने गाडीच्या डब्यातील बापलेकीच्या शेवटच्या संभाषणाचा दीड पानी प्रसंग लिहिला होता. भाषा चांगली होती. पुढच्या पानावर तिने लिहिले : ‘हे मी वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात आमच्या दोघांत जे बोलणे राहून गेले ते लिहिले आहे. दोराचे नाही.’ आणि संपूर्ण प्रसंगावर तिने रेघ मारली होती. त्या टिपणाला मी पूर्ण गुण दिले, आणि ते रेघेखालच्या मजकुरासाठी की रेघेसाठी हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

याचा अर्थ कल्पनाशक्तीला येथे मज्जाव आहे असा घेऊ नका. कल्पना लागतेच, तिच्यावाचून यादीतील नाव माणूस होत नाही. मात्र ‘असेल’ आणि ‘होते’ ही दोन क्रियापदे वाचकाला वेगवेगळी दिसली पाहिजेत. मराठीतील संकेतार्थ व संशयार्थ रूपे या कामी फार उपयोगी आहेत. ती ललित लेखनात दुबळी वाटतात म्हणून आपण टाळतो.

२०१५ मध्ये पॅरिसच्या अठराव्या विभागातील एका पायवाटेला दोरा ब्रुदेरचे नाव देण्यात आले. तिच्या घरापासून ती दूर नाही.

क्षेत्रीय कार्य

जर्मनीतील बाड आरोल्झन येथील अभिलेखागारात नाझी छळाला तोंड दिलेल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांविषयीची कागदपत्रे आहेत. त्यांतील मोठा भाग महाजालावर विनामूल्य पाहता येतो. जेरुसलेम येथील याद वाशेम या संस्थेची नावांची सूचीही अशीच खुली आहे. यांपैकी एका ठिकाणाहून कोणतेही एक कुटुंब निवडा. प्रसिद्ध कुटुंब घेऊ नका. नावांचे वर्णलेखन प्रत्येक कागदावर वेगळे असू शकते, म्हणून दोन-तीन प्रकारे शोधून पाहा, आणि जन्मतारीख जुळल्याखेरीज दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत असे मानू नका.

त्या कुटुंबाविषयी ४०० शब्दांत चरित्रात्मक टिपण लिहा. डाव्या समासात प्रत्येक वाक्यासमोर ते कोणत्या कागदावरून घेतले आणि तो कागद कोणी, कशासाठी तयार केला, हे नोंदवा. ज्या वाक्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते वाक्य रेघ मारून रद्द करा. ‘-ण्यात आले’ या रचनेखाली रेघ ओढा आणि कर्ता सापडतो का पाहा. त्यानंतर स्वतंत्र पानावर ३०० शब्दांचे शोधटिपण लिहा.

दोन्ही लेखने संपर्कसत्राला येताना सोबत आणावीत. त्यांची स्वच्छ प्रत काढू नये. रद्द केलेली वाक्ये वाचता येतील अशी एकच रेघ मारलेली असावी.